दोन मंडळे की एक मंडळ?

(बडोद्यातील दोन मराठी मंडळांच्या संयुक्त सभेत, जुन्या मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



विलीनीकरण हा शब्द आपल्या बडोदेकरांना नवा नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, आपण गुजरात राज्यात आलो. दोन्ही वेळी आपली घरे जागची हलली नाहीत, दारावरची सरकारी पाटी तेवढी बदलली. म्हणून पाटी बदलली की सगळे बुडाले, असे आम्ही मानत नाही. पाटीला काही अर्थच नसतो, असेही मानत नाही.

आजचा प्रश्न त्या मानाने लहान आहे. दांडिया बाजारातले आमचे जुने मंडळ आणि मांजलपूरकडे राहायला गेलेल्या कुटुंबांनी काढलेले तुमचे मंडळ, या दोहोंचे एक करावे का? मागच्या महिन्यात दोन्ही सभासद-याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. निम्म्याहून अधिक नावे दोन्हीकडे आहेत. तीच माणसे दोनदा वर्गणी देतात, तीच दोन मांडवांत धावतात. पेटी वाजवणारे गृहस्थ तर एकच. कोजागरीला त्यांना दोन्हीकडून बोलावणे जाते, आणि ज्यांच्याकडे ते जात नाहीत ते वर्षभर रुसतात.

एवढेच असते तर आम्ही ही सभा बोलावली नसती. पण मराठी वर्गांच्या बाबतीत जे झाले ते इथे सांगितलेच पाहिजे. पटसंख्या घटल्यामुळे ते वर्ग हलवण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा आमच्या मंडळाने अर्ज दिला की वर्ग जुन्या शहरातच ठेवा. त्याच आठवड्यात तुमच्या मंडळाचा अर्ज गेला की वर्ग मांजलपूरकडे आणा. दोन्ही अर्जांवर सह्या करणारी काही माणसे तीच होती! कचेरीतल्या साहेबांनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि शांतपणे विचारले, “तुमचे आधी ठरू द्या, मग या.” आम्ही मान खाली घालून परत आलो. त्या साहेबांना आम्ही दोष देत नाही. दोन तोंडांनी बोलणाऱ्याचे कोण ऐकणार?

यावर झटपट उत्तर असे की ताबडतोब एक व्हा. आमच्याही कार्यकारिणीत काहींचे तेच म्हणणे होते. पण घाईने केलेल्या एकीचे काय होते, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी पक्ष आणीबाणीनंतर एकत्र आले. १ मे १९७७ रोजी जनता पक्षाची रीतसर स्थापना झाली. सत्ता आधीच हाती आली होती, मने मात्र जुळायची होती. जुन्या जनसंघीयांनी संघाशीही नाते ठेवावे का, या दुहेरी सदस्यत्वाच्या वादाने पक्ष पोखरला. बिहारमधून लोकसभेवर निवडून गेलेले आपले मधु लिमये या वादात आघाडीवर होते. कोणाची बाजू खरी, हा आजचा विषय नाही. जो प्रश्न लग्नाआधी विचारायचा तो लग्नानंतर निघाला, एवढे लक्षात घ्यावे. १९७९ च्या जुलैत सरकार गेले.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ च्या फेब्रुवारीत पुण्यात स्थापन झाली. तीत कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्युल्ड कास्ट फेडरेशन होते. कोणी आपला पक्ष मोडला नाही, आपला झेंडा टाकला नाही. मागणी मात्र एकच ठेवली, आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने तिला भरभरून मते दिली. १९६० साली राज्य मिळाले आणि समितीतले पक्ष पुन्हा आपापल्या वाटेने गेले. कामापुरती एकी कामाला पुरते. काम संपल्यावर ती टिकेलच असे नाही. ही तिची ताकद आणि हीच तिची मर्यादा.

आता तुमची भीती. ती आम्हाला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. तुमच्यातल्या एका भगिनीने आम्हाला सरळ विचारले, “मोठ्या मंडळात आमचे भजन दुपारी तीनलाच राहील का?” आमच्यातले काही हसले. हसायला नको होते. सुना नोकरीवर, नातवंडे शाळेत, तेव्हा मिळणारी ती दुपार हेच त्या भगिनींचे मंडळ आहे. ती वेळ ठरावाने पुसली, तर आमची यादी वाढेल आणि माणसे कमी होतील.

कायद्यानेही घाई करता येत नाही, हे बरेच आहे. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे विलीनीकरणाचा लेखी प्रस्ताव प्रत्येक सभासदाला खास सभेच्या दहा दिवस आधी पोचवावा लागतो. त्याला सभासदांच्या तीन-पंचमांश मतांची मान्यता लागते. मग महिन्याच्या अंतराने दुसरी खास सभा भरवून, हजर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी तो कायम करावा लागतो. शिवाय आमच्या सभागृहाची मालकी हलवायची तर चॅरिटी कमिशनरकडे जावे लागेल. दोनदा विचार करा, असेच कायदा सांगतो.

म्हणून आमची सूचना अशी. आज विलीनीकरणाचा ठराव मांडू नये. आज एक संयुक्त समिती नेमावी, दोन्हीकडून सारख्याच संख्येने. तिच्याकडे तीनच कामे द्यावीत. सरकारदरबारी जाणारा प्रत्येक अर्ज एकच असावा. सभासदांची यादी एकच असावी. आणि सणांची तारीखवही एकच असावी, म्हणजे पेटीवाल्यांचा जीव वाचेल. बाकी नाव, वर्गणी, भजन, हिशेब ज्याचे त्याच्याकडे. पुढच्या गणेशोत्सवानंतर पुन्हा याच सभागृहात बसू. तोवर एकमेकांचे वागणे कळलेले असेल. मग तीन-पंचमांश मते मिळाली तर आनंद. न मिळाली तरी अर्ज एकच राहील.

आणि आम्ही मोठे, म्हणून आधी आम्ही सोडतो. संयुक्त समितीचे अध्यक्षपद मांजलपूरकडे असावे. तिच्या सभा आळीपाळीने इकडे आणि तिकडे व्हाव्यात. पहिला अर्ज मराठी वर्गांचाच असावा, आणि वर्ग कुठे भरावेत हे आपण नव्हे, ज्यांची मुले तिथे बसतात त्या पालकांनी सांगावे. त्यांनी मांजलपूर म्हटले तर आमची सही पहिली.

साहेबांनी सांगितले आहे, तुमचे आधी ठरू द्या, मग या. तेव्हा आधी ठरवू या, आणि मग एकत्र जाऊ या.