डोक्याच्या आजाराची लाज कशाला?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कमिटीने आम्हाला 'कामगार आणि धम्म' हा विषय दिला होता. त्यावर आम्ही दरसाल बोलतो, तुम्हीही दरसाल ऐकता. आज जरा घरातलं बोलतो.

२०२० च्या टाळेबंदीत आमची गिरणी थांबली, ती थांबलीच. आमच्या धाकट्या भावाने तिथे साच्यावर उमेदीची वर्षं काढलेली. घरी बसल्यावर त्याची झोप गेली, जेवण सुटलं, पुढे भिंतीशी बोलायला लागला. आणि आम्ही काय केलं? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या आम्ही त्याला पाहुण्यांपासून लपवला. गावाकडच्या नातलगाने भगताचा अंगारा आणला, तेव्हा पाहून न पाहिल्यासारखं केलं. बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हे कबूल केलं पाहिजे.

मग खाजगी डॉक्टर झाले. फी, तपासण्या, बाहेरची औषधं. भावजयीच्या कानातलं गेलं. परवडेना म्हणून एक दिवसाआड गोळी, त्याने आजार आणखी चिघळला. शेवटी चाळीतल्या आरोग्यसेविका बाई म्हणाल्या, "दादा, मोठ्या इस्पितळात न्या की!" आम्ही परळात हयात घालवली, केईएमच्या दारावरून हजारदा गेलो, पण तिथे मनोविकाराची ओपीडी आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नायरला आहे, सायनलाही आहे. रांग मोठी, दिवसाचा खाडा होतो, पण केसपेपर किरकोळ पैशांत निघतो. डॉक्टरबाईंनी "काय मामा, झोप लागते का?" असं माणसासारखं विचारलं. महिना-दीड महिन्यात फरक पडला. बरं वाटतंय म्हणून त्याने आपल्या मनाने गोळ्या सोडल्या आणि पुन्हा घसरला, तेही सांगून ठेवतो.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड हातात असो वा नसो, सरकारी ठिकाणी हा उपचार मोफत मिळण्याचा हक्क त्यात लिहिलाय. भीक नव्हे, हक्क! रुग्णाला साखळीने बांधायलाही त्यात मनाई आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा साखळदंडात बांधलेली २८ माणसं पळता न येऊन मेली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे. मराठीत बोलतात. भिंतीवर लिहून ठेवा.

पटाचारा थेरीची कथा मायबहिणींना माहीत आहे. नवरा गेला, दोन्ही लेकरं गेली, आईबाप आणि भाऊ गेले. अंगावरच्या वस्त्राची शुद्ध राहिली नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिलं, कुणीतरी आपलं उपरणं तिच्या अंगावर टाकलं, आणि मग उपदेश झाला. त्या उपरणेवाल्याचं नाव काही आमच्या वाचनात आलं नाही.

तर आमची मागणी एवढीच, की विहाराने एक वही घालावी. पेशंटबरोबर रांगेत उभं राहायला गिरणीसारख्या पाळ्या लावू. बायकांबरोबर जायला बायका हव्यात. घरचा माणूस कामावर गेला तरी पेशंटची तारीख चुकायला नको. मंगळवार आमच्या नावावर लिहा.

भाऊ आज मागच्या सतरंजीवर बसलाय. त्याला विचारूनच हे बोललो. वही दाराशी ठेवली आहे, जाताना नाव लिहून जा. जयभीम! नमो बुद्धाय!