गालगुंड आणि पोटांतील दुखणें

गालगुंड म्हटलें म्हणजे घरांतील वडील माणसें सहसा घाबरत नाहींत. कानाखालीं सूज येते, मुलाला घांस चावतां येत नाहीं, चेहरा असा विचित्र दिसूं लागतो कीं भावंडांना हंसूं आवरत नाहीं. आणि आठ-दहा दिवसांत सर्व पूर्ववत् होतें. ही निश्चिंतता बहुतांशीं योग्यच आहे. परंतु गालाची सूज उतरूं लागली असतां मूल एकाएकीं पोट धरून वांकलें, पुन्हां ताप चढला, घोटभर पाणीहि उलटून पडूं लागलें, तर काय समजावें? आजी ओवा पुढें करिते, कोणी एरंडेल सुचवितो, कोणी आदल्या दिवशींच्या शिऱ्याला दोष देतो. शिरा बिचारा निर्दोष असण्याचा संभव पुष्कळ.

गालगुंड हा विषाणूचा रोग आहे. १९३४ सालीं अमेरिकेंत जॉन्सन व गुडपास्चर यांनीं रोग्याची लाळ जिवाणू अडविणाऱ्या गाळणींतून गाळून वानरांच्या लालानलिकेंत सोडली, आणि वानरांना तोच रोग झाला. हा विषाणू घशांत शिरल्यापासून सूज येईपर्यंत साधारणतः १६ ते १८ दिवस जातात. त्या अवधींत तो रक्तावाटे सर्वत्र हिंडतो, आणि त्याची ओढ विशेषेंकरून ग्रंथींकडे असते. वयांत आलेल्या मुलांच्या वृषणांना तो पीडा देतो, हें हिप्पोक्रेटिसानेंहि थॅसोस बेटावरील साथीच्या वर्णनांत नोंदविलें आहे. जठराच्या मागें आडवें पसरलेलें स्वादुपिंड हें त्याचें आणखी एक ठिकाण. जर्मन भाषेंत या इंद्रियाला ‘पोटांतील लाळेची ग्रंथि’ अशा अर्थाचें नांव आहे, तें मोठें समर्पक होय. कारण पिष्ट पचविणारें अमायलेज हें द्रव्य लालापिंड व स्वादुपिंड दोघेंहि तयार करितात.

याच साम्यामुळें निदानांत घोटाळा होतो. पोट दुखतें म्हणून रक्त तपासलें व अमायलेज वाढलेलें आढळलें, तर तेवढ्यावरून स्वादुपिंडास सूज आली असें म्हणतां येत नाहीं. नुसत्या सुजलेल्या गालानेंहि तें वाढतें. लायपेज नामक दुसरें द्रव्य मात्र मुख्यत्वें स्वादुपिंडाचें. तें वाढलें असेल तर संशयास बळकटी येते. उलटपक्षीं, कांहीं रोग्यांत गाल मुळींच सुजत नाहीं व दुखणें पोटांतच प्रकट होतें. अशा वेळीं घरांत वा शाळेंत साथ आहे काय, हा साधा प्रश्न वैद्याला फार उपयोगीं पडतो.

लस येण्यापूर्वींच्या काळांत शंभर रोग्यांमागें सुमारें तीन ते पांच जणांस हा उपद्रव होई. वेदना बेंबीच्या वर, पाठीकडे जाणारी. पुढें वांकून बसल्यानें किंचित् उतार. बहुधा आठवड्याभरांत ती शमते. विषाणूवर नेमकें औषध नाहीं, जिवाणूनाशक औषधांचा येथें उपयोग नाहीं. पाणी व क्षार भरून काढणें, वेदना कमी करणें आणि पोटांत टिकूं लागतांच हलकें अन्न देणें, हीच चिकित्सा. अॅस्पिरिन मुलांस देऊं नये. वांत्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, मूल ग्लानींत जात असेल, तर मात्र ओव्याची पुडी बाजूस ठेवून रुग्णालय गांठावें. क्वचित् प्रसंगीं स्वादुपिंड गंभीर सुजतें, आणि तेथें एका रात्रीचा विलंब महाग पडतो.

अमेरिकेंत हिलमन यांनीं १९६३ सालीं स्वतःच्या मुलीच्या घशांतून घेतलेल्या विषाणूपासून लस तयार केली. १९६७ सालीं तिला परवाना मिळाला. भारतांत २०१७ सालीं सुरू झालेल्या सरकारी मोहिमेंत गोवर व रुबेला यांचीच लस होती. गालगुंड तींत नव्हतें. तिन्ही रोगांची एकत्र लस बालवैद्य नवव्या व पंधराव्या महिन्यांत आणि पुन्हां चार ते सहा वर्षांच्या वयांत सुचवितात.

सूज दिसण्यापूर्वीं दोन दिवस व नंतर पांच दिवस रोग्यापासून इतरांस संसर्ग होतो. म्हणजे सुजलेला चेहरा पाहून हंसणाऱ्या भावंडांनीं लस घेतलेली नसेल, तर तो विषाणू बहुधा त्यांच्या घशांत आधींच पोंचलेला असतो.