घरपट्टी आणि आपण
(ट्रस्टच्या महोत्सवप्रसंगी झालेले भाषण)



शिक्षकाने ट्रस्टच्या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्हीही तेच योजिले होते. परंतु काल येथे वार्षिक हिशेब वाचला जात असता घडलेला एक प्रकार मनातून जाईना. मांडवाच्या खर्चात थोडा फरक दिसला, तेव्हा मागच्या रांगेतील एक वृद्ध सभासद काठी टेकीत उठले आणि खजिनदारांना म्हणाले, "पावती दाखवा." खजिनदारांनी ती दाखविली. कोणी रागावले नाही, कोणाचा अपमान झाला नाही. सभा संपल्यावर आम्ही त्यांना सहज विचारले, "काका, आपल्या वॉर्डासाठी यंदा कॉर्पोरेशनने किती रक्कम ठेवली आहे?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, ते सगळे कानडीत असते. आणि ते सरकारचे पैसे."

ते सरकारचे पैसे! या तीन शब्दांपायी आम्ही लिहून आणलेले भाषण घरी ठेवून आलो.

हुबळीची नगरपालिका १८५५ साली स्थापन झाली आणि धारवाडची १८५६ साली. म्हणजे सत्तावन्नच्या उठावाच्याही आधी. १९६२ साली दोन्ही मिळून एक महानगरपालिका झाली. सुमारे वीस किलोमीटरचे अंतर आणि तिजोरी मात्र एक! आमची शाळा हुबळीत व बिऱ्हाड धारवाडात, त्यामुळे दोन्हीकडची कुरकुर आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो. पैसा सगळा हुबळी खाते, असे धारवाडकर म्हणतात. मान सगळा धारवाडला, असे हुबळीकर म्हणतात. अखेर जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी स्वतंत्र महानगरपालिकेस मान्यता दिली. मागणी रास्त असेल. पण वाटणीवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी एकत्र तिजोरीचे अंदाजपत्रक एकदा तरी उघडून पाहिले होते? आम्हीही पुष्कळ वर्षे पाहिले नव्हते, हे कबूल करतो.

घरपट्टी मात्र आपण चोख भरतो. एप्रिलमध्ये भरल्यास पाच टक्के सूट मिळते, म्हणून रांगा लागतात. त्या पाच टक्क्यांसाठी आपण उन्हात उभे राहतो आणि उरलेल्या पंचाण्णवांचे काय झाले हे विचारीत नाही.

मराठी घरांत जोतीराव फुले यांचे नाव आदराने घेतले जाते. ते १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे मात्र थोड्यांच्या ध्यानात असते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव तेथे आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे सांगून त्यांनी एकट्याने विरोध केला, अशी हकीगत त्यांचे चरित्रकार सांगतात. व्हाइसरॉयच्या नावावर आलेला ठराव, सारे सभासद सरकारनियुक्त, आणि हरकत मात्र कोणत्या बाबीवर किती रुपये, एवढ्याच मुद्द्यावर!

आता आपल्या सभागृहाकडे वळू. मार्च २०१९ मध्ये जुन्या सभासदांची मुदत संपली. निवडणूक झाली ३ सप्टेंबर २०२१ रोजी, ८२ वॉर्डांत. महापौर निवडले गेले ते मे २०२२ मध्ये. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ या शहरांचा कारभार लोकनियुक्त सभेवाचून, प्रशासकाच्या हाताखाली चालला. त्यात कोविडचा काळही गेला. एवढ्या अवधीत आपल्यापैकी किती जणांना सभागृह नसल्याची चुणचुण लागली? नळाला पाणी आले नाही तर आपण संध्याकाळपर्यंत धीर धरीत नाही.

एक स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षे आमची नोकरी एका लहान गावी होती. गावाचे नाव सांगत नाही. शाळेसमोरच्या गटारावर फरशी नव्हती. पावसाळ्यात आमचा पाचवीतला एक विद्यार्थी त्यात पडला आणि त्याचा हात मोडला. आम्ही संतापून कचेरीत गेलो, तेथल्या अधिकाऱ्यास चार लोकांदेखत नको ते बोललो. त्यांनी निमूटपणे एक वही पुढे केली. त्या गटारासाठी मागील वर्षी रक्कम मंजूर होती. ३१ मार्चपर्यंत काम निघाले नाही, आणि ती तशीच बुडाली. काम न काढण्याचा दोष कचेरीचा, यात शंका नाही. पण त्या बारा महिन्यांत एकाही पालकाने किंवा शिक्षकाने, आम्ही धरून, एक ओळीचा अर्ज दिलेला नव्हता. त्या मुलाच्या आईस काय सांगावे हे आम्हांस त्या दिवशी सुचले नाही.

अधिकाऱ्यांविषयी चहाच्या दुकानात आपण फार बोलतो. सगळेच खाऊ आहेत, असे म्हटले की प्रामाणिक मनुष्य दुखावतो आणि खाणाऱ्याचे काही बिघडत नाही. त्यापेक्षा काम कोणते, रक्कम किती, बिल कधी निघाले, हे लेखी विचारावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याप्रमाणे दहा रुपये फी भरून अर्ज देता येतो व साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तरात गैरव्यवहार दिसला तर लोकायुक्तांकडे जाता येते. आयुक्त सरकार नेमते, पण अंदाजपत्रकावर हात वर करणारा नगरसेवक आपणच निवडलेला असतो, आणि तो बहुधा आपल्याच गल्लीत राहतो. त्याला लग्नाची पत्रिका देताना संकोच वाटत नाही, मग हिशेब विचारताना का वाटावा?

राहता राहिली कानडीची अडचण. ती खरी आहे, विशेषतः साठीच्या पुढील मंडळींची. मुलांची नाही, आमचे विद्यार्थी कानडी भरभर वाचतात. म्हणून विश्वस्तांच्या परवानगीने असे ठरविले आहे की, पुढील अंदाजपत्रकाची पुस्तिका हाती येताच त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता याच दिवाणखान्यात बसावयाचे. नववी-दहावीची मुले आपापल्या वॉर्डाची पाने वाचून मराठीत सांगतील, आम्ही फळ्यावर आकडे मांडू. कालचे काठीवाले काका पहिल्या रांगेत बसण्यास कबूल झाले आहेत. चहा ट्रस्टतर्फे आहे. त्याची पावती खजिनदार ठेवतीलच.