घरच्या लहान लेथची सुधारणा



राळेगाव तालुक्यात पेरणी उरकली की डवरणी-फवारणीची घाई सुरू होते, आणि नेमका त्याच वेळी पंपाचा बुश झिजतो. एका बुशासाठी यवतमाळ किंवा हिंगणघाट गाठायचे म्हणजे दिवस गेला. म्हणून तुमच्यापैकी काहींनी जुना, तीन-चार फुटी लेथ घेऊन पडवीत बसविला असेल. नांगर आणि लेथ यांचे नाते तसे जुनेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालचा, आणि त्याच घराण्याचा हरिहरचा लेथचा कारखाना १९४१ सालचा.

जुना लेथ आणला की पहिली हौस मोटार बदलण्याची असते. आमचे सांगणे असे की मोटारीला शेवटी हात लावा. आधी मशीन सरळ बसले आहे का ते पाहा. पाय वाकडे बसले तर बेडला पीळ बसतो आणि कितीही चांगले टूल लावले तरी शाफ्ट निमुळता निघतो.

याची परीक्षा घरीच होते. इंचभर जाडीचा सरळ बार चकमध्ये धरा, चार-पाच इंच बाहेर ठेवा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका. चकजवळ एक आणि टोकाला एक अशा दोन कड्या ठेवून मधला भाग थोडा उतरवा. मग क्रॉस स्लाईड न हलविता दोन्ही कड्यांवर एकच बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टोकाची कडी जाड निघाली, तर टेलस्टॉककडचा, तुम्ही उभे राहता त्या बाजूचा पाय पातळ पत्री घालून किंचित उचला. बारीक निघाली तर मागचा पाय उचला. बोल्ट आवळून पुन्हा कट, पुन्हा माप. यात सकाळ जाते, पण पैसा लागत नाही.

त्यानंतर स्लाईडची जिब पट्टी. स्लाईड हाताने हलवून पाहा, खडखड वाटली तर स्क्रू थोडे थोडे आवळा. हँडल जड होईल इतके मात्र नको. क्रॉस स्लाईडच्या नटात थोडा प्ले राहणारच. टूल नेहमी एकाच दिशेने, आत नेत मापावर आणावे, म्हणजे तो आड येत नाही.

आता आट्यांचा प्रश्न. जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुधा इंची असतो आणि आजचे नट-बोल्ट मिलिमीटरचे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून १२७ दात्यांचा एक गिअर करून घ्या. लीड स्क्रूला इंचात चार आटे असतील आणि तुम्हाला दीड मिलिमीटरचा आटा हवा असेल, तर स्पिंडलकडे ३० दाते आणि स्क्रूकडे १२७ दाते, हिशोब बरोबर बसतो. मात्र असे आटे काढताना अर्धा नट सोडू नका. टूल मागे घ्या आणि मशीन उलटे फिरवून परत या.

मोटारीचे आता पाहू. घरी सिंगल फेज असेल तर व्हीएफडी ड्राइव्ह लावून थ्री फेज मोटार चालते, वेगही कमी-जास्त करता येतो. मोटार २३० व्होल्टला डेल्टा जोडणीत चालणारी हवी. पाटीवर नुसते ४१५ स्टार लिहिले असेल तर आधी वाइंडरला दाखवा. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये स्विच घालू नका. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हमध्ये काही मिनिटे दाब राहतो, तेव्हा लगेच झाकण उघडू नका. अर्थिंग पक्के हवे, पावसाळ्यात तर विशेष.

आपल्याकडे वेचणीचा कापूस घरातच रचून ठेवतात. लेथचा तापलेला कीस आणि ग्राइंडरची ठिणगी त्या कापसात पडली तर वर्षाची कमाई जाईल. कापूस घरात असेपर्यंत मशीन वेगळ्या खोलीत ठेवा, नाहीतर बंद ठेवा. ग्राइंडर तर बेडजवळ कधीच नको, त्याची धूळ बेड खाते.

चकची चावी चकमध्ये राहू देऊ नका. खांद्यावरचे उपरणे, सैल बाही, हातातले कडे काढूनच मशीनपाशी उभे राहा, आणि हातमोजेही घालू नका. संध्याकाळी बेड पुसून तेलाचा हात फिरवा.