पाटी कोणाची, गल्ला कोणाचा



मार्था मटिल्डा हार्पर ही कॅनडात जन्मलेली मुलगी सातव्या वर्षी परक्या घरी कामाला लागली. मोलकरीण म्हणून राबत तिने ३६० डॉलर साठवले आणि १८८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात केसांची निगा राखणारे दुकान थाटले. नाव झाले, बाहेरगावच्या गिऱ्हाइकांकडून मागणी आली. तेव्हा १८९१ पासून तिने आपल्यासारख्याच कष्टकरी बायकांना दुकाने काढायला लावली. नाव, शिक्षण आणि तेल-साबण हार्परबाईंचे. दुकान त्या त्या बाईचे. पुढे अशी पाचशे दुकाने झाली. ज्यांना कोणी उभे केले नसते, त्या बायका मालकीण झाल्या. फ्रँचायझीच्या सुरुवातीच्या काळातली ही चांगली बाजू आधी मोकळेपणाने सांगायला हवी.

दुसरी बाजू कॅलिफोर्नियातली. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनोच्या हॉटेलात झटपट बर्गर करण्याची पद्धत बसवली. रे क्रॉक यांनी १९५५ पासून ती पद्धत देशभर विकली. दुकानदाराकडून विक्रीच्या १.९ टक्के घ्यायचे आणि त्यातला अर्धा टक्का बंधूंना द्यायचा, असा व्यवहार होता. त्यात क्रॉक यांचे भागेना. मग हॅरी सॉनबॉर्न या सहकाऱ्याने मार्ग काढला : जागा कंपनीने ताब्यात घ्यायची आणि दुकानदाराला भाड्याने द्यायची. भाडे सुरू झाले, आणि दुकानदाराच्या नाड्याही कंपनीच्या हाती आल्या. १९६१ मध्ये क्रॉक यांनी २७ लाख डॉलर मोजून बंधूंचा सारा हक्क विकत घेतला. मूळ हॉटेल बंधूंकडे राहिले, पण त्यावरची स्वतःच्या आडनावाची पाटी त्यांना उतरवावी लागली. क्रॉक यांनी जवळच नवे मॅकडोनाल्ड्‌स उघडले आणि ते जुने हॉटेल बंद पडले.

आपल्याकडचा वडापाव कोणाच्याच नावावर नव्हता. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असे मानले जाते. पुढे ज्याला जमेल त्याने गाडी लावली. गाडीवाला कोणाला रॉयल्टी देत नाही. चटणी तिखट करायची की गोड, भाव कधी वाढवायचा, उधारी कोणाला द्यायची, सगळे त्याचे तोच ठरवतो. मात्र तो तापाने फणफणला की गाडी बंद.

मग वडापावच्याही फ्रँचायझी साखळ्या निघाल्या : २००१ मध्ये मालाडला धीरज गुप्ता यांचे जम्बो किंग आले, २००४ मध्ये कल्याणला वेंकटेश अय्यर यांचे गोली. गोलीचा वडा कारखान्यात गोठवून दुकानात येतो, तिथे तो फक्त तळायचा. कारागीर सोडून गेला तरी चव बदलत नाही. नवख्या माणसाला हा आधार मोठा आहे, कारण धंदा शिकताना बुडणारे पैसे वाचतात. त्याबदल्यात वड्यातला मसाला त्याच्या हातात राहत नाही.

पुण्यात ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानी बेकरीने मात्र शाखांचा मोहच धरला नाही. श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग तिच्याच दारात लागते.

एकट्याने धंदा करावा की फ्रँचायझी घ्यावी, याचे एकच उत्तर देता येत नाही. मात्र नोकरीतून मिळालेली पुंजी घेऊन मराठी माणूस फ्रँचायझीच्या करारावर सही करतो, तेव्हा तो कागद त्याने दुकान पाहावे तितक्या बारकाईने पाहिला पाहिजे. गाळ्याचा भाडेकरार कोणाच्या नावे? कच्चा माल कोणाकडून, कोणत्या भावाने? शेजारच्या चौकात दुसरे दुकान देणार का? मुदत संपल्यावर काय? गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार चालू असताना स्पर्धकाचा माल न हाताळण्याची अट वैध ठरवली. करार संपल्यानंतरची बंदी मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. हे दोन्ही ठाऊक असलेला दुकानदार वाटाघाटीत दबत नाही.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत १९७९ पासून संघराज्याचा नियम आहे. आज त्यानुसार सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला खर्च, खटले आणि दुकानांची संख्या लेखी द्यावी लागते. गेल्या वर्षी साखळी सोडून गेलेल्या दुकानदारांची नावे आणि संपर्कही त्यात असतात. उद्योजकांच्या या संमेलनाने असाच नियम भारतात व्हावा म्हणून ठराव करावा, आणि सोडून गेलेल्यांच्या यादीचे कलम त्यातून कोणाच्याही आग्रहाखातर वगळू नये.