परमुलखातलं घर आणि आपलं नाव

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)

 

समितीने मला धम्मप्रचारावर बोलायला सांगितलं आहे. मी काही मोठा विद्वान नाही. पण एका मुलाने विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यात बसलेला आहे, तिथूनच सुरुवात करतो.

२०२३ च्या जानेवारीत थायलंडचे शंभरावर भिक्खू तथागतांच्या अस्थिधातू घेऊन आपल्या परभणीहून पायी निघाले आणि फेब्रुवारीत मुंबईला चैत्यभूमीवर पोचले, हे आपण सर्व जाणता. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका पोराने मला विचारलं, "सर, थायलंडात सगळे बौद्धच का राहिले? तिथं दुसऱ्या धर्माचं कुणी प्रचाराला गेलंच नाही का?"

गेले होते ना! एकटेदुकटे नव्हे, बायकामुलं घेऊन, बिऱ्हाड घेऊन गेले. त्या घरांची गोष्ट आज सांगायची आहे. आणि त्या गोष्टीतलं एक घर तर आपल्या शेजारच्या नगरच्या लेकीचं आहे.

आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हे लवकर कळंल. दिवाळी झाली की संसार गाडीत घालायचा, परमुलखात कोपी करायची, पाणी कुठं, किराणा कुठं, लेकरू आजारी पडलं तर डॉक्टर कुठं, हे सगळं नव्याने शोधायचं. तसंच त्यांचं होतं. फरक एवढाच की त्यांना सहा महिन्यांनी परत यायचं नव्हतं.

डॅन बीच ब्रॅडली नावाचा अमेरिकन डॉक्टर १८३४ साली बायको एमिलीला घेऊन बोस्टनहून जहाजाने निघाला आणि १८ जुलै १८३५ ला बँकॉकला पोचला. त्यावेळी त्या देशाला सयाम म्हणत. ज्या अमेरिकन बोर्डाने त्याला पाठवलं, त्याच बोर्डाच्या लोकांनी १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आपलं ठाणं उघडलं होतं. नगरच्या त्यांच्या मुलींच्या शाळा पाहूनच महात्मा जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढायची उमेद आली. म्हणजे एकाच घरातून निघालेल्या दोन वाटा. एक नगरला आली, एक बँकॉकला गेली.

बँकॉक त्यावेळी पाण्यावरचं गाव होतं. चाओ फ्राया नदीवर तरंगती घरं, तरंगती दुकानं. जायचं-यायचं ते नावेनं. ब्रॅडली कुटुंबाला मिळालेली पहिली जागा काही महिन्यांतच सोडावी लागली. घरमालकाने जागा खाली करायला सांगणं म्हणजे काय असतं, ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तरी ते राहिले. आधी भाषा शिकले. रोज दवाखाना चालवला. जानेवारी १८३७ मध्ये एका उत्सवात दारूकामाचा स्फोट होऊन एका भिक्खूचा हात चिंधड्या झाला. भूल द्यायचं औषध तेव्हा निघालेलं नव्हतं. ब्रॅडलीने हात कापला आणि भिक्खूचा जीव वाचवला. १८३९ साली राजाने अफूबंदीचा हुकूम काढला, त्याच्या नऊ हजार प्रती याच मिशनरींच्या छापखान्यात निघाल्या. देवीची लस टोचायलाही त्यांनीच सुरुवात केली.

१८४५ साली एमिली क्षयाने वारली. लेकरं लहान होती. त्यांच्यातली सोफिया बँकॉकलाच जन्मलेली, थाई बोलतच मोठी झालेली. पुढे तिने डॅनिएल मॅकगिल्वरी या मिशनरीशी लग्न केलं आणि १८६७ साली दोन लहान लेकरं घेऊन दोघं उत्तरेला चिआंगमाईला निघाले. नदीतून नावेनं तीन महिने लागले. राहायला घर नाही. वेशीबाहेरच्या एका धर्मशाळेत एक वर्षाच्या वर काढलं. गावचे लोक येऊन बसायचे आणि ही माणसं कशी जेवतात, लेकरांना कसं वाढवतात ते बघायचे. घराला दार नसल्यासारखंच! पण त्या बघण्यातूनच ओळख झाली. हिवतापाला कोयनेल मिळतं हे लोकांना कळलं. पुढे सोफियाने मुलींना शिकवायला सुरुवात केली, त्यातून शाळा उभी राहिली.

बंधू-भगिनींनो, एवढं करून धर्म किती जणांनी बदलला? बँकॉकला ब्रॅडलीच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतके लोक आले. थाई लोकांनी औषध घेतलं, छापखाना घेतला, इंग्रजी घेतली. आणि बुद्धाला सोडलं नाही. कारण तिथं धम्म ग्रंथात बंद नव्हता. सकाळी भिक्खू दारात आला की घरातली बाई भात वाढते, घरातला मुलगा काही दिवस तरी चीवर घालतो. जे रोज घरात चालतं, ते बाहेरून आलेल्याला सहज हलवता येत नाही. त्या पोराच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं पहिलं उत्तर हे.

बाबासाहेबांनी ही गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहिली होती. १९५० साली त्यांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्माच्या भवितव्यावर एक लेख लिहिला. ख्रिस्ती धर्म आशियात शिक्षण आणि औषधोपचाराच्या सेवेतून पसरला, आपल्या भिक्खू संघानेही ते सेवेचं व्रत घ्यावं, असं त्यांनी त्यात स्पष्ट बजावलं. परक्याचं चांगलं ते घ्यायला बाबासाहेब कधी लाजले नाहीत.

आता नगरच्या लेकीकडे येतो. जिच्यावर हॉलिवूडने सिनेमे काढले ती ॲना लिओनोवेन्स. ही मिशनरी नव्हती, मास्तरीण होती. नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगरला तिचा जन्म झाला. बाप कंपनी सरकारच्या लष्करात सार्जंट. पोरगी जन्माला यायच्या आधीच वारलेला. आई दुसऱ्यांदा एका साध्या शिपाईगड्याची बायको झाली. लष्करी बराकीतलं गरिबीचं बालपण. आजी बहुधा इथलीच, हिंदी रक्ताची असावी, असं अभ्यासक मानतात. १८४९ च्या नाताळात पुण्याला तिचं लग्न एका कारकुनाशी झालं. तो १८५९ साली पेनांगला वारला. पदरात दोन लेकरं. सिंगापूरला तिने छोटी शाळा काढली, आणि तिथूनच सयामच्या राजवाड्यातल्या शिक्षिकेची नोकरी मिळाली. पगार महिना शंभर डॉलर.

राजा होता मोंगकूट. गादीवर बसण्याआधी सत्तावीस वर्षं भिक्खू राहिलेला, पाली जाणणारा, ग्रहणाचं गणित स्वतः मांडणारा. त्याच्या आधीच्या अनुभवाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८५१ पासून मिशनरींच्या बायका राजवाड्यातल्या स्त्रियांना इंग्रजी शिकवायला येत. पण धड्यापेक्षा धर्मच जास्त होऊ लागला आणि ते शिकवणं बंद पडलं. म्हणून ॲनाला नेमताना राजाने आधीच कळवलं, की विद्या शिकवा, धर्म बदलायला शिकवू नका.

१८६२ च्या मार्चमध्ये ती बोटीतून उतरली. सोबत मुलगा लुई, बिबी नावाची आया, तिचा नवरा मुन्शी आणि एक कुत्रा. मुलीला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलेलं. घ्यायला कुणी आलं नाही, घर तयार नव्हतं. पहिले काही महिने प्रधानाच्या वाड्यात परक्याच्या छपराखाली काढावे लागले. पुढे दाखवलेलं एक घर मासळीबाजाराच्या दुर्गंधीतलं होतं, ते तिने नाकारलं. आणि मिळालं ते घर बिबी आणि मुन्शीच्या मदतीने घासूनपुसून राहण्याजोगं केलं, असं तिनेच लिहून ठेवलंय. शाळा भरायची ती राजवाड्याच्या आवारातल्या बुद्धमंदिरात. राजपुत्र, राजकन्या, राण्या, आणि त्यांच्या पंगतीत बसलेला लुई. पाच वर्षं हे चाललं. त्यातलाच एक विद्यार्थी चुलालोंगकोर्न १८६८ साली राजा झाला. त्याने दरबारातलं लोटांगण बंद केलं, गुलामगिरी टप्प्याटप्प्याने उठवत १९०५ साली संपवली, आणि १८९३ साली पाली त्रिपिटक थाई लिपीत एकोणचाळीस खंडांत छापून जगभर वाटलं. याचं श्रेय ॲनाला देणं बरोबर होणार नाही. ती त्या देशाची स्वतःची करणी आहे. पण एक विधवा बाई परमुलखात घर मांडते आणि पोरांना शिकवते, हेही काही थोडं नाही.

परंतु तिच्या गोष्टीला एक गाठ आहे. ॲनाने आयुष्यभर जगाला खोटं सांगितलं. म्हणाली, माझा जन्म वेल्समधला, बाप कॅप्टन, नवरा लष्करी अधिकारी. नगरचं नाव तिने कधी काढलं नाही. का? गोऱ्यांच्या त्या जगात बराकीत जन्मलेल्या, हिंदुस्थानी रक्ताचा संशय असलेल्या पोरीला कुणी खुर्ची दिली नसती. रंगाची आणि कुळाची उतरंड त्यांच्यातही होती. तिने नाव झाकलं आणि मान मिळवला. पुढे १८७० साली तिने पुस्तक लिहिलं, त्यात राजाविषयी अशा काही गोष्टी घातल्या की थाई लोक आजही रागावतात. तिच्यावरचे १९५६ आणि १९९९ चे सिनेमे थायलंडने दाखवू दिले नाहीत. १९१५ साली ती कॅनडात वारली. तिचं खरं जन्मगाव १९७६ साली एका इंग्रज लेखकाच्या पुस्तकातून जगापुढं आलं. म्हणजे मरेपर्यंत तिला आपल्या आईचं घर सांगता आलं नाही.

मला तिला दोष देववत नाही. कारण सांगतो.

मी शिकायला एका मोठ्या शहरात होतो. खोली शोधत होतो. एका ठिकाणी खोली पसंत पडली. मालकीणबाईंनी नाव विचारलं, सांगितलं. "पूर्ण नाव?" मी आडनावाच्या जागी गाव लावलं, सोनपेठकर. खोली मिळाली. दोन वर्षं राहिलो. त्या दोन वर्षांत बाबासाहेबांचा फोटो पेटीच्या तळाशी कपड्यांखाली होता. चौदा एप्रिलला दार लावून, फोटो काढून, मेणबत्ती न लावताच वंदन केलं.

एकदा माझे वडील भेटायला आले. डोक्यावर भाकरीचं गठुडं. जिन्यातूनच मोठ्याने म्हणाले, "जयभीम, लेका!" मी धावत खाली गेलो आणि म्हणालो, "दादा, हळू बोला." दादा काहीच बोलले नाहीत. चहा घेतला, गठुडं ठेवलं, अन् मुक्कामाला आलेले दादा संध्याकाळच्या एस.टी.नं परत गेले. नंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. आज दादा नाहीत. आज मी तो विषय तुमच्यासमोर काढतोय.

दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला दादांच्या पिढीने काय कमावलं? शेत नाही, पैसा नाही. मोठ्याने सांगता येईल असं एक नाव कमावलं. सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात तथागतांनी अग्निपूजक ब्राह्मणाला समजावलं, की माणूस जन्माने हलका किंवा थोर होत नाही, कर्माने होतो. हे ज्याला पटलं त्याला जन्म लपवायचं कारण उरत नाही. मला ते पाठ होतं, पण जिन्यात ते उपयोगी पडलं नाही. कारण मी एकटा होतो. आणि खोली नाकारणारं शहर खरं होतं, ते आजही पुष्कळ ठिकाणी खरं आहे. म्हणून नाव लपवणाऱ्या पोराला शिव्या देऊ नका. त्याला एकटं पडू देऊ नका.

यासाठी आपल्या विहाराने दोन साध्या गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. पहिली, प्रत्येक घरात संध्याकाळी पाच मिनिटं का होईना, लेकरांसह वंदना व्हावी. दुसरी, पुण्या-मुंबईला, लातूर-नांदेडला शिकायला किंवा कामाला जाणाऱ्या आपल्या पोरापोरींची एक वही विहारात ठेवावी. त्या त्या शहरात आपलं कोण आहे, कुणाच्या घरी पहिले आठ दिवस उतरता येईल, हे त्यात लिहावं. ब्रॅडलीमागे बोर्ड होतं. ॲनामागे कुणीच नव्हतं. आपल्या पोराच्या मागे विहार असावं.

आणि पोरांनो, तुमचे आईवडील तुमच्या खोलीवर आले, तर त्यांना जिन्यातून मोठ्याने जयभीम म्हणू द्या. तुम्हीही तेवढ्याच मोठ्याने उत्तर द्या.

 

भवतु सब्ब मंगलं. नमो बुद्धाय, जयभीम!