मोलोकाईपूर्वींचीं नऊ वर्षें
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं थोरांचें स्मरण करावें, ही आपली जुनी रीत आहे. संत दामियन यांचें नांव आपणांस अपरिचित नाहीं. मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांची सुमारें १६ वर्षें सेवा करून, त्याच रोगानें त्यांनीं १५ एप्रिल १८८९ रोजीं देह ठेविला, हें आपल्या मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्यापूर्वीं नऊ वर्षें हा तरुण मिशनरी काय करीत होता, असें कोणी विचारिलें तर आपल्यापैकीं बहुतेक निरुत्तर होतील. आज मी त्या नऊ वर्षांविषयींच बोलणार आहें.

बेल्जियममधील त्रेमेलो या गांवीं, धान्याचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांत, ३ जानेवारी १८४० रोजीं त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचें नांव योसेफ. मुलानें घरचा धंदा सांभाळावा, अशी पित्याची इच्छा होती. मुलानें वडील बंधूच्या पाठोपाठ येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघांत प्रवेश केला. शिक्षण बेताचें म्हणून आरंभीं त्यांस याजकपदाच्या अभ्यासास घेतलें नव्हतें. बंधूकडून लॅटिन शिकून त्यांनीं ती अडचण दूर केली. पुढें हवाई बेटांकडे निघण्याची पाळी त्या बंधूची आली, परंतु तो आजारानें अंथरुणास खिळला. तेव्हां योसेफांनीं पॅरिस येथील श्रेष्ठांस पत्र लिहून त्याची जागा मागून घेतली. १९ मार्च १८६४ रोजीं, म्हणजे संत योसेफाच्या सणादिवशींच, त्यांचें गलबत होनोलुलूस लागलें. २१ मे रोजीं तेथेंच त्यांस याजकदीक्षा मिळाली. त्या वेळीं त्यांचें वय २४ वर्षांचें होतें.

प्रथम ते हवाई बेटावरील पुना प्रांतीं गेले. हा प्रदेश किलाउएया ज्वालामुखीच्या पायथ्याशीं आहे. १८६५ सालीं एका अशक्त सहकाऱ्याचा कोहाला व हामाकुआ हा अधिक विस्तीर्ण प्रदेश त्यांनीं आपल्याकडे घेतला. तेथील किनारा खोल दऱ्यांनीं चिरलेला. एका वस्तीहून दुसरीस जावयाचें म्हणजे कधीं घोड्यावर बसावें, कधीं पायीं कडा चढावा, कधीं होडीनें समुद्रमार्ग धरावा. सर्व वस्त्यांची एक फेरी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. मिस्साचें साहित्य बरोबर असे. जेथें देऊळ नसे तेथें झोपडीच्या आडोशास वेदी मांडावी, मिस्सा अर्पावा, मुलांस धर्मशिक्षण द्यावें, आजाऱ्यास भेटावें व पुन्हां वाट धरावी. तेथील लोकांचें मुख्य अन्न म्हणजे अळूचे कंद शिजवून, कुटून केलेला लगदा. त्यास ते पोई म्हणतात. लोकांची भाषा ते कष्टानें शिकले. त्या भाषेंत ‘द’ हा उच्चारच नाहीं. म्हणून लोकांनीं त्यांस ‘कामिआनो’ म्हटलें, व तेंच नांव त्यांनीं आनंदानें धारण केलें.

देवळें हवीं होतीं, परंतु बांधणारे नव्हते. मग त्यांनीं स्वतःच हातीं करवत व हातोडा घेतला. लोकांनीं तुळया ओढून आणाव्या, फादरांनीं त्या तासून उभ्या कराव्या, अशा रीतीनें एकामागून एक लहान लहान देवळें उभीं राहिलीं. या कामाचा शीण त्यांस फारसा जाणवला नाहीं. जाणवला तो एकांत. दुसरा याजक दूर असल्यानें कुमसारासही पुष्कळ दिवस वाट पाहावी लागे. घरीं धाडिलेल्या पत्रांतून हें दुःख वारंवार प्रकट होतें.

याच काळांत, ३ जानेवारी १८६५ रोजीं, म्हणजे फादर दामियन यांस २५ वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, कुष्ठरोग्यांस अलग ठेवण्याचा कायदा त्या राज्यांत झाला. १८६६ पासून रोगी मोलोकाईस धाडिले जाऊं लागले. फादरांच्या प्रदेशांतील माणसेंही त्यांत होतीं. ज्यांस आपण बाप्तिस्मा दिला, तीं माणसें आप्तांपासून तोडून नेलेलीं त्यांनीं पाहिलीं.

मे १८७३ मध्यें माउई बेटावरील वाइलुकु येथें नव्या देवळाच्या अभिषेकास याजक जमले होते. आपल्या आजच्या सभेसारखाच तो आनंदाचा प्रसंग. तेथें बिशप मेग्रे यांनीं मोलोकाईच्या रोग्यांस कायमचा याजक नाहीं, याची खंत बोलून दाखविली. चौघे तरुण याजक पाळीपाळीनें जाण्यास सिद्ध झाले. पहिली पाळी दामियन यांची. १० मे रोजीं ते तेथें उतरले. आरंभींच्या रात्रीं केवड्याच्या जातीच्या एका झाडाखालीं त्यांनीं काढल्या. पुढें दुसऱ्या कोणाची पाळी आलीच नाहीं.

आतां पाहा. मोलोकाईवर त्यांनीं घरें बांधिलीं, पाण्याचे नळ घालण्यास हात लाविला, शवपेट्या केल्या, थडगीं खणलीं, रोग्यांशीं त्यांच्याच भाषेंत बोलून त्यांचे अश्रु पुसले. यांतील करवत कोठली? भाषा कोठली? एकांत सोसण्याचें बळ कोठलें? हें सारें त्या नऊ वर्षांत, कोणी पाहत नसतां, रोजच्या कामांत कमावलेलें होतें. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं त्यांस संतपद दिलें. त्या संतपदाचा पाया कोहालाच्या वाटांवर घातला गेला, असें मला वाटतें.

आज कुष्ठरोग औषधानें बरा होतो. तरी टाकलेलीं माणसें जगांत उरलीं नाहींत असें नव्हे. त्यांच्याकडे जाणारे मात्र थोडे आहेत. म्हणून मातापित्यांनो, तुमच्या घरांतून एखादा मुलगा अथवा मुलगी ‘मी जातों’, ‘मी जातें’ म्हणून उभी राहिली, तर पहिलें उत्तर ‘नको’ असें देऊं नका. त्रेमेलोच्या आईबापांसही आपले दोन पुत्र देवास देणें सोपें गेलें नसेल. आणि तरुणांनो, मोठ्या हांकेची वाट पाहत आजचें लहान काम टाकूं नका. धर्मशिक्षणाचा वर्ग, शेजारच्या आजाऱ्याची विचारपूस, देवळाची झाडलोट, हीं कामें नीट करा. हांक येईल तेव्हां हात तयार असले पाहिजेत.

आपल्या पूर्वजांनीं हें देऊळ उभें केलें, तें अशाच कामसू हातांनीं. तो वारसा पुढील महोत्सवापर्यंत नेण्याची कृपा परमेश्वर आपणांस देवो. आमेन.